डावा पाय

गाडी बंद पडली की निदान कळतं तरी. क्लच जातो तेव्हा गाडी बंद पडत नाही. उलट नेहमीपेक्षा मोठ्यांदा ओरडते, आणि पुढे मात्र जात नाही. आमच्या घरात या स्वभावाची दोन-तीन माणसं आहेत, तेव्हा मला ते लवकर ओळखू यायला हवं होतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. ओंकारेश्वरहून इंदूरला परत येत होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी बाबा, मागच्या सीटवर आत्या आणि तिचे नर्मदेच्या पाण्याचे दोन कॅन. मोरटक्क्याचा पूल, बडवाह, बलवाडा, सगळं नीट पार पडलं. चोरलला चहा झाला. तिथून पुढे भेरूघाट लागतो. आता त्या बाजूला बोगदे खणून मोठा रस्ता होतोय, पण आमच्या पिढीचा घाट म्हणजे ती वळणं, कठड्यावर बसलेली काळ्या तोंडाची वानरं आणि भेरूबाबाला हॉर्न वाजवून नमस्कार करत जाणारे ट्रक. आमची मारुती आठशे हा घाट तिसऱ्या गिअरवर चढते, एखाद्या वळणावर दुसरा लागतो. त्या दिवशी तिसऱ्यावर पाय दाबला तर इंजिनाचा सूर चढत गेला आणि काटा उतरत गेला. चाळीस, तीस, पंचवीस.

“एवढी ओरडतेय, मग जात का नाही?” आत्या मागून म्हणाली.

“पाय काढ,” बाबा मला म्हणाले. “क्लच घसरतोय.”

आणि मग तो वास आला. टायर जळल्याचा नाही, वायर जळल्याचा नाही. जुन्या गोणपाटाला आच लागावी तसा, आणि घशात जाऊन बसणारा. दूध उतू जायला लागलं की मी आधी गॅस बंद करते, मग आरडाओरडा करते. गाडीत मात्र घाबरून आणखी ॲक्सिलरेटर दिला होता. म्हणजे करपतंय ते दिसत असताना आच वाढवली.

एका रुंद जागी गाडी कडेला घेतली. मी सवयीने बॉनेट उघडायला उतरले, तर बाबांनी आतूनच हात हलवला. “तिथे काही दिसणार नाही. क्लच आत असतो, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. त्याला निवू दे.” मग मागे वळून त्यांनी आत्याला विचारलं, “त्या कॅनमध्ये पाणी किती?”

“वीस-वीस लिटर.”

“ओता ते.”

“दादा! नर्मदेचं आहे ते!”

“मग घरी नळाला काय येतं?”

यावर आत्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिचा भाऊ आयुष्यभर तेच पाणी चढवत होता. इंदूरला पूर्वी यशवंतसागर आणि बिलावलीच्या तलावावर भागवावं लागायचं. १९७० साली नर्मदा आणा म्हणून शहर रस्त्यावर आलं, आणि १९७८ साली मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर लांब पाइपातून नर्मदा इंदूरला पोचली. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, नर्मदा कुठे खाली निमाडात. मधला सगळा घाट त्या पाण्याला पंपांनी चढवावा लागतो, टप्प्याटप्प्याने. बाबा त्या योजनेवर ओव्हरसिअर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे नळाच्या पाण्याला ‘नळाचं’ म्हणणं आमच्याकडे चालत नाही. आत्या तरीही पूजेला ओंकारेश्वरचंच पाणी लागतं म्हणते. तिच्या मते पाइपातून आलं की त्यातलं काहीतरी जातं. “क्लोरीन वाढतं, जात काही नाही,” हे बाबांचं ठरलेलं उत्तर.

एक कॅन तिथे पेरू विकत बसलेल्या बाईला दिला, दुसरा फुललेल्या पळसाच्या बुंध्याशी ओतला. आत्याने गडूभर तेवढं मांडीवर धरून ठेवलं. चाळीस किलो वजन कमी झालं. मला वाटतं त्याने क्लचला फारसा फरक पडला नसावा, पण बाबांना काहीतरी केल्यासारखं वाटलं, आणि गाडी निवायला अर्धा तास सहज गेला.

“आता पहिल्यावर घे आणि पहिल्यावरच राहा. पाय अलगद. इंजिनाला जोर करू द्यायचा नाही.”

पहिल्या गिअरवर घाट. मागून बस, ट्रक, दुचाक्या, सगळे हॉर्न देऊन शिव्या घालून पुढे गेले. पण गाडी चढली. घरी येऊन मी यामागचं कारण बाबांकडून समजून घेतलं. क्लचची प्लेट पकडू शकते ती इंजिनाची एका मर्यादेपर्यंतचीच ओढ. मोठ्या गिअरमध्ये चढ चढायचा तर इंजिनाला सगळी ताकद काढावी लागते, ती प्लेटच्या पकडीपेक्षा जास्त झाली की प्लेट घसरते. घसरली की तापते, तापली की पकड आणखी कमी. लहान गिअरमध्ये चाकाला हवा तेवढा जोर इंजिनाच्या थोड्या ओढीतही मिळतो. झिजलेली प्लेट तेवढं सोसते. सिमरोलला सपाटी लागली तेव्हा आत्या म्हणाली, “मी आपली बसनेच आले असते.” ती दर खेपेला हे म्हणते.

गाडी १९९७ची. चार गिअरची, कार्ब्युरेटरवाली, हिवाळ्यात चोक ओढून चालू करायची. आता असं सांगितलं की लेकीच्या मैत्रिणी मी विहिरीवरून पाणी आणत असे अशा नजरेने बघतात. मारुती आठशे बाजारात आली ती १९८३च्या डिसेंबरात आणि कारखान्यात तिचं बनणं थांबलं २०१४च्या जानेवारीत. म्हणजे एक अख्खी पिढी तिच्यावर गाडी शिकली. मीही. तेवीस वर्षांची होते, एम.ए. झालं होतं, नोकरी नव्हती, आणि बाबा रोज पहाटे मला चिमणबागच्या मैदानावर न्यायचे.

क्लच शिकवताना लोक म्हणतात, हळू सोड. हळू म्हणजे किती, ते कोणी सांगत नाही. बाबांनी मला पंप सांगितला. “मोठा पंप चालू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद असतो. मोटरला आधी मोकळं फिरू द्यायचं. तिने वेग घेतला की मग व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडायचा, म्हणजे पाण्याचा भार तिच्यावर हळूहळू येतो. एकदम उघडलास तर मोटर गुदमरते. क्लच म्हणजे तुझा व्हॉल्व्ह.” त्या वेळी मी जलूदचं पंपगृह पाहिलेलंही नव्हतं, पण मोटर गुदमरते हे मला समजलं. आजही चौकात दिवा हिरवा झाला की माझ्या डोक्यात ‘उघड’ हा शब्द येतो, ‘सोड’ नाही.

खरं शिकले ते मात्र बाबांच्या पायाकडे बघून. गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसणारं मूल रस्ता बघत नाही, पाय बघतं. बाबांचा डावा पाय कधी खाली जमिनीवर नसे. सरळ रस्ता असो, मोकळा रस्ता असो, देवासचा असो, चप्पल क्लचच्या पेडलवर टेकलेली. दाबलेली नव्हे, टेकलेली. मला तो रुबाब वाटायचा. गाडी त्यांच्या हुकमात आहे असा. माझाही पाय तिथेच राहिला, आणि सत्तावीस वर्षं राहिला.

तर घाटाच्या प्रसंगाला खरी सुरुवात दिवाळीतच झाली होती. पेडलची पकड वर आली होती. म्हणजे पाय जवळजवळ पूर्ण सुटला की मग कुठे गाडी हलायची. पेट्रोल जास्त लागत होतं. बंगाली चौकातल्या पुलाच्या चढावर गाडी थोडी हुंकारायची. मी वाटेतल्या एका मेकॅनिकला दाखवली. त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत केबलचं नट आवळलं, “टाइट कर दिया मैडम” म्हणाला आणि पन्नास रुपये घेतले. त्याच्या हातांत आत्मविश्वास होता. मी अशा हातांना नेहमीच फसते.

त्याने केलं ते नेमकं उलटं होतं, हे मला मागाहून कळलं. हे जरा सविस्तर सांगते, कारण केबलच्या क्लचची गाडी ज्यांच्याकडे अजून आहे त्यांना उपयोगी पडेल. पेडल आणि क्लच यांच्यामध्ये थोडी मोकळी चाल असावी लागते, सुरुवातीचा एखादा इंच, जिथे पाय दाबला तरी आत काही हलत नाही. मिस्त्री लोक त्याला ‘प्ले’ म्हणतात. केबल ताणून लांब झाली तर प्ले वाढतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो. तेव्हा केबल आवळायची. पण प्लेट झिजते तेव्हा होतं याच्या विरुद्ध. प्लेट पातळ झाली की तिच्यावर दाबून बसलेल्या चकतीच्या स्प्रिंगची टोकं बाहेर, बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि प्ले कमी कमी होत जातो. तो शून्यावर आला की तुम्ही पेडलला हात न लावताही क्लच थोडासा दाबलेलाच राहतो. अशा वेळी केबलला ढील द्यायची असते. आमची आवळली गेली. म्हणजे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत माझा क्लच चोवीस तास जरासा दाबलेला होता, आणि त्यावर माझा पाय.

घाटातून आल्यावर मी आधी गेले एका चकचकीत वर्कशॉपमध्ये. तिथे एका तरुणाने टॅबवर काहीतरी टिपलं आणि गाडीभोवती अशी एक चक्कर मारली जशी लोक आजारी माणसाच्या खाटेभोवती मारतात, आवाज खाली करून. “मैडम, इसमें पैसा मत डालो. एक्सचेंज में दे दो.” त्याचंही अगदी चूक नव्हतं. पंधरा वर्षं झाली की गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं. आम्ही २०१२ला केलं, २०१७ला केलं, आणि २०२२च्या ऑगस्टात गेलो तर त्याच वर्षीच्या एप्रिलपासून फी सहाशेची पाच हजार झाली होती. बाबांनी भरली. आरटीओच्या बाहेर उसाचा रस पिताना म्हणाले, “हिची किंमत याहून कमी येईल बाजारात.” पण म्हणण्याचा सूर तक्रारीचा नव्हता, थोडा अभिमानाचाच होता.

लेक म्हणाली, “आई, विक ना. माझ्यासारखी घे, क्लचची कटकटच नाही.” तिची गाडी दोन पेडलची. ती पुण्याला असते आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय मांडी घालून बसवते, असं स्वतःच सांगते. तिची ही गोष्ट मी नंतर उस्तादांना सांगितली तर ते हसले. तिच्यासारख्या स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरबॉक्स साधाच असतो, प्लेटही अशीच असते, फक्त ती दाबायचं काम यंत्र करतं. उस्तादांनी ते एका वाक्यात सांगितलं: “क्लच तो है दीदी, पैर नी है.”

उस्ताद म्हणजे जुन्या इंदुरातल्या एका गल्लीत, जिथे गाडी आत नेली की वळवता येत नाही, उलटीच बाहेर काढावी लागते, तिथे बसणारे एक साठीचे गृहस्थ. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, बोटांच्या रेषांत कायमचं काळं. बाबांना ते बाबूजी म्हणतात. २००८ साली क्लच त्यांनीच बदलला होता. मधल्या काळात मी त्यांच्याकडे जायचं टाळत होते, कारण ते लगेच काम घेत नाहीत. चार दिवस थांबवतात, आणि मग गाडीबद्दल असं काही बोलतात की आपली लाज निघते.

बाबा सोबत आले. काठी घेऊन, स्वेटर घालून, जणू दवाखान्यात चाललोय.

उस्तादांनी बॉनेट उघडलं नाही, खाली वाकलेही नाहीत. आत बसले. हँडब्रेक पूर्ण ओढला, इंजिन चालू केलं, चौथा गिअर टाकला, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडून दिला. धड असलेली गाडी अशा वेळी एक झटका देऊन बंद पडते, पडायलाच हवी. आमची चालू राहिली. संथपणे, कुरकुर न करता, जणू तिला काही सांगितलंच नव्हतं. उस्तादांनी चावी फिरवली आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. दोघांचं त्यावर एक अक्षर बोलणं झालं नाही. गाडी बंद पडली नाही म्हणून पोटात गोळा आल्याची माझी ती पहिलीच वेळ.

“अपन खोल देते हैं,” उस्ताद म्हणाले.

क्लच बदलण्यातला नव्वद टक्के वेळ क्लचपर्यंत पोचण्यात जातो. ट्रेमध्ये गिअरबॉक्सचं तेल सोडतात, काळं आणि कुबट. दोन्हीकडचे एक्सल निघतात. केबल, वायरी, खालचा टेकू. मग एक पोरगा गाडीखाली आडवा होतो आणि गिअरबॉक्स अक्षरशः छातीवर झेलून बाहेर येतो. मला ते बघवेना. बाबांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही इतका उजेड मी पाहिला नव्हता. एकाआड एक करत सहा बोल्ट सुटले आणि प्लेट हातात आली.

पोरगा हवेचं पाइप घेऊन धूळ उडवायला निघाला तर उस्ताद त्याच्यावर डाफरले. ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या प्लेटांच्या लेदरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाऊन बसते, आणि उस्तादांच्या उस्तादांना शेवटी श्वास पुरत नव्हता. आता बहुतेक प्लेटा बिनॲस्बेस्टॉसच्या येतात, पण त्यांनी फडकं सोडलेलं नाही. लेदर हा शब्द मला आवडला. तिथे चामडं कुठेच नाही. पण फार जुन्या मोटारींच्या क्लचला खरोखरच चामड्याचं अस्तर असे. ते अस्तर गेलं, नाव उरलं.

प्लेट म्हणजे थाळीएवढी चकती, मध्ये दात्यांचं भोक, भोवती चार स्प्रिंगा, आणि कडेने दोन्ही बाजूंना ते अस्तर रिवेटांनी ठोकलेलं. रिवेटची डोकी अस्तरात खोल बसलेली असावी लागतात. आमच्या प्लेटवर ती वर आली होती, बोटाला लागत होती. इंजिनाच्या बाजूची चकती, फ्लायव्हील, निळसर डागांनी भरलेली. लोखंड फार तापलं की असं निळं पडतं. भेरूघाटातली ती पंधरा मिनिटं तिथे उमटून बसली होती.

“प्लेट तो ठीक है, सत्रह साल चली,” उस्ताद म्हणाले. “पर ये देखो, दीदी.”

त्यांनी प्रेशर प्लेट, म्हणजे प्लेटवर दाबून बसणारी ती चकती, उताणी केली. मध्यभागी फुलाच्या पाकळ्यांसारख्या स्प्रिंगच्या पट्ट्या आत वळलेल्या असतात. त्यांना ते उंगली म्हणतात. पेडल दाबलं की बेअरिंग येऊन या उंगल्यांच्या टोकांवर टेकतं, त्यांना ढकलतं आणि प्लेट सुटते. पेडल सोडलं की बेअरिंगने मागे जाऊन स्वस्थ बसायचं. आमच्या उंगल्यांच्या टोकांना आरशासारखी चकाकी होती, आणि प्रत्येकीवर नखाने जाणवेल एवढी खाच. बेअरिंग हातात फिरवलं तर कोरडं खरखरलं.

“जो भी चलाता है, पैर उठाता नी है.”

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

“माझा पाय,” बाबा म्हणाले.

“तुम्ही २०१९पासून चालवत नाही, बाबा. माझा आहे.”

“माझ्याकडूनच शिकलीस ना?”

उस्तादांना मराठी कळतं. इंदुरात इतकी वर्षं गाड्या दुरुस्त करून ते न कळणं शक्यच नाही. ते म्हणाले, “दोनों का है,” आणि चहा सांगितला.

मी तेव्हा पहिल्यांदा त्या भागांकडे नीट बघितलं. क्लच पूर्ण दाबलेला असला तर प्लेट सुटी असते, काही घासत नाही. पूर्ण सोडलेला असला तर प्लेट, फ्लायव्हील, चकती सगळं एकजीव होऊन एकत्र फिरतं, तेव्हाही काही घासत नाही. झीज होते ती मधल्या जागेत. धड धरलं नाही, धड सोडलं नाही, तिथे. मला वाटत होतं गाडी झिजते ती बेदरकार चालवणाऱ्यांच्या हाती. ही झिजली होती दोन अतिशय सावध माणसांच्या पायाखाली. गेल्या पन्नास वर्षांत आमच्या घरातल्या कोणाला साधं चलन झालेलं नाही.

“पण का ठेवायचात पाय?” मी विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारलंच नव्हतं.

बाबांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. “तिथे वीज जायची,” ते म्हणाले. जलूदला. पंप चालू असताना अचानक वीज गेली की पंप थांबतो, पण घाटात चढत असलेलं पाणी थांबत नाही. क्षणभर वर जातं आणि मग अख्खा स्तंभ मागे उलटतो. पाइपात घणाचा घाव घातल्यासारखा दणका बसतो. पाणी उलटं येऊ न देणारे व्हॉल्व्ह असतात, तेही सोसत नाहीत कधी. पाइप फुटला की इंदूर दोन-तीन दिवस कोरडं. “रात्रपाळीला मी व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवूनच बसायचो. दिवा लुकलुकला की हात आधी फिरायचा, डोकं मागून. तीच खोड पायाला लागली असणार.”

मी आठवून बघितलं. आई घरात फोन वाजला की तो उचलण्याआधी गॅस बंद करायची. आत्या अजून रात्री दाराची कडी दोनदा बघते. आमच्या घरात सगळ्यांचेच हातपाय कशावर तरी टेकलेले. उस्ताद मात्र यात रमले नाहीत. त्यांना निर्णय हवा होता: नुसती प्लेट टाकायची की पूर्ण सेट?

नुसती प्लेट टाकली तर हजार-दीड हजार वाचतात, पण झिजलेल्या उंगल्या आणि कोरडं बेअरिंग तसंच राहतं आणि वर्षभरात गिअरबॉक्स पुन्हा कोणाच्या तरी छातीवर येतो. बाबा म्हणाले पूर्ण. उस्ताद म्हणाले, खोललंच आहे तर क्रँकची ऑइल सीलही बदलू, शंभर-दोनशेची वस्तू आहे. ती गळली तर नव्या प्लेटवर तेल जाऊन ती नवी असून घसरेल. फ्लायव्हील लेथवर फेसिंगला गेलं आणि दुपारी निळे डाग घालवून परत आलं. सेट आला. डब्यावर वाळूज, औरंगाबाद असं छापलेलं होतं. “आपके उधर का माल है बाबूजी,” उस्ताद कौतुकाने म्हणाले.

आमच्या ‘उधर’चं असंच आहे. घराणं होळकरांच्या कारकुनीत इकडे आलं, त्याला किती पिढ्या झाल्या त्या मोजायला आत्याला बोलवावं लागतं. औरंगाबाद मी आयुष्यात एकदा पाहिलं, वेरूळला जाताना, आणि तिथेही बाबा सगळ्यांना सांगत होते की हे घृष्णेश्वराचं देऊळ आमच्या अहिल्याबाईंनी नव्याने बांधलं. म्हणजे महाराष्ट्रात गेलो की आम्ही इंदूरचे आणि इंदुरात उस्तादांच्या लेखी आम्ही उधरचे. बाबांनी डबा हातात घेऊन पत्ता वाचला, परत ठेवला आणि म्हणाले, “अच्छा माल है.”

नवी प्लेट बसवताना उस्ताद स्वतः खाली गेले. हे काम पोरावर सोडत नाहीत. प्लेटची स्प्रिंगांची बाजू गिअरबॉक्सकडे हवी. उलटी बसली तर सगळं पुन्हा खोला. प्लेट अगदी मधोमध यावी म्हणून ते एका भंगारातल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट वापरतात. तो भोकात घालून प्लेट जागेवर धरायची, मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरून फिरून आवळायचे. एकच एकदम आवळला तर प्रेशर प्लेट वाकडी बसते. दात्यांवर ग्रीस अगदी बोटाला लागेल तेवढं, जास्त झालं तर फिरताना उडून प्लेटवर जातं. तासभर तरी त्या खालच्या अंधारातून फक्त पान्याचा आवाज आणि मधूनमधून “लाइट इधर दिखा” एवढंच ऐकू येत होतं. बाबा तेवढा वेळ खुर्चीत पुढे झुकून बसले होते. त्यांचा डावा पाय जमिनीवर एका लयीत वरखाली होत होता.

सगळं धरून पाच हजारांच्या थोडं आत झालं. रजिस्ट्रेशनच्या फीएवढं, असं बाबांनी हिशेब करून सांगितलं. शेवटी उस्तादांनी मला गाडीत बसवलं, पेडल हाताने दाबून तो मोकळा इंच दाखवला. “ये इत्ता प्ले रहना चिये. पाँच सौ किलोमीटर आराम से चलाओ. और पैर नीचे.” शेवटचे दोन शब्द म्हणताना त्यांनी माझ्या सँडलकडे बोट दाखवलं. लहानपणी पाढे चुकल्यावर बाई बोट दाखवायच्या, तसं.

बाबा शेजारी बसले. गाडी उलटी बाहेर काढायची होती, गल्ली अरुंद, मागे भाजीचा हातगाडा, पलीकडे स्कूटरवर बसून गप्पा मारणारी दोन पोरं. क्लच दाबला, रिव्हर्स टाकला, नेहमीसारखा सोडायला लागले. नेहमीसारखा म्हणजे पाय जवळजवळ वर येईपर्यंत काही होणार नाही या भरवशावर. पण नव्या प्लेटची पकड खालीच होती, पेडल अर्ध्यावर यायच्या आत. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली.

पुन्हा चालू केली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. स्कूटरवरच्या पोरांनी गप्पा थांबवल्या. भाजीवाल्याने हातगाडा दोन हात मागे घेतला. सत्तावीस वर्षं गाडी चालवणारी बाई मी, आणि चिमणबागच्या मैदानातल्या पहिल्या दिवसावर आले होते. माझ्या पायाला जुन्या झिजेचा अंदाज होता, गाडीचा नव्हता. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी वैतागून स्टेअरिंगवर हात आपटला.

उस्ताद गॅरेजच्या दारात फडक्याने हात पुसत उभे होते. “अब बंद हो री है ना?” त्यांनी ओरडून विचारलं.

“हो रही है!”

“तो फिर!” ते म्हणाले आणि आत गेले.

मी चावी फिरवली. इंजिन लागलं. बाबांनी काठी दोन पायांमध्ये उभी धरली, समोर बघत बसले.

“थोडा थोडा उघड,” ते म्हणाले. “घाई नाहीये.”